इंजिनाने हवा धरली

मराठी माणसाला हवेचे भारी वेड. आपण हवा खायला जातो, हवापालट करतो, हवेत मनोरे बांधतो. एखाद्याच्या डोक्यात हवा गेली असे म्हणतो आणि संधी सापडली की ती काढूनही घेतो. गुन्हा केला तर तुरुंगाची हवा खातो. निवडणुका आल्या की यंदा कोणाची हवा आहे याची पारावर चौकशी सुरू होते. इतक्या हवा मी वर्गात शिकवल्या; परंतु एक हवा आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आली नाही. ती म्हणजे ‘धरलेली’ हवा. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यातला कापूस पिकवणारा कोणताही शेतकरी सांगेल. मराठीचा एम. ए. झालेला प्राध्यापक सांगेलच, याची खात्री देता येत नाही.

आमच्या सदराचा रिवाज वाचकांना ठाऊक आहे. एखाद्या शब्दाचे बोट धरायचे आणि तो नेईल तिकडे जायचे. यंदाचा शब्द मला एका मोटार-मिस्त्र्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडला. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर थोडा ऑइलचा वास आला, तर वाचकांनी राग मानू नये.

आमचे घर नालवाडीला. वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की लगेच लागते ती ही वस्ती. आता शहर कुठे संपले आणि नालवाडी कुठे सुरू झाली, हे सांगणे कठीण. पण १९३२ साली विनोबा इथे राहायला आले, तेव्हा हे वेगळे खेडे होते. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावर गुजराण करण्याचा प्रयोग त्यांनी इथे केला. पुढे १९३८ साली ते धाम नदीच्या काठी पवनारला गेले. मेलेल्या गुरांची कातडी कमावण्याचे चर्मालयही त्याच काळात इथे सुरू झाले. हाताने काम करणाऱ्याकडून चार गोष्टी शिकाव्यात, ही या गावाची जुनी शिकवण. आम्हा पुस्तकवाल्यांना ती अधूनमधून आठवून द्यावी लागते, इतकेच.

आता प्रकरण सांगतो. आमची गाडी बारा वर्षांची. नवी घेण्याची ऐपत नाही असे नव्हे, पण घरात दुसरा खर्च आहे आणि तो आधीचा आहे. माझ्या आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागते. सकाळी सातला यंत्रावर घेतात, चार तास ठेवतात. एखादी पाळी चुकली तर अंगात पाणी साठते, रक्तात पोटॅशियम वाढते, आणि मग धावपळ सुरू होते. त्यामुळे आमच्या घरी गाडी ही चैन राहिलेली नाही. ती औषधाच्या डब्याशेजारी बसणारी वस्तू आहे.

यंदाच्या एप्रिलात तिच्या रेडिएटरचा वरचा होस पाइप पाझरू लागला. शहरातल्या एका गॅरेजात तो बदलून घेतला. तिथल्या मुलाने पाइप बसवला, नवे कूलंट ओतले, टाकीवरच्या रेघेपर्यंत पातळी आणली, झाकण लावले आणि “झाली गाडी” म्हणून किल्ली हातात दिली. सारे काम वीस मिनिटांत उरकले. बाहेर चार गाड्या ताटकळत उभ्या होत्या, त्यालाही घाई होती.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन येताना डॅशबोर्डच्या मागून गुडगुड असा आवाज येऊ लागला. उन्हाळ्यात माठातून पेला भरताना येतो ना, तसा. तापमानाचा काटा एकदम वर चढायचा, मग आपोआप खाली यायचा. मी काट्याकडे पाहत होतो. आई मात्र मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, हिच्या नळीत हवा हाय. आमची सिस्टर असती तं टिचक्या मारून काढली असती.”

वाचकहो, माझी आई इयत्ता चौथी शिकलेली. पण गेली दोन वर्षे ती आठवड्याला बारा तास त्या यंत्राशेजारी पडून असते. रक्त शुद्ध करणारी ती काचेच्या नळकांड्यासारखी गाळणी, तिला जोडलेल्या नळ्या, सुरुवातीला सलाइन सोडून त्यांतली हवा घालवण्याची खटपट, गाळणी उभी धरून तिच्यावर मारलेल्या टिचक्या, हे सारे तिने शेकडो वेळा पाहिले आहे. रक्ताबरोबर हवेचा बुडबुडा शरीरात जाऊ नये म्हणून त्या यंत्रात बुडबुडा ओळखणारा पहारेकरी असतो. तो ओरडला की यंत्र स्वतः थांबते आणि नळी चिमटली जाते. मोटारीत असा पहारेकरी नसतो. तिथे कान द्यावा लागतो.

घरी आल्यावर मी तडक त्या मिस्त्र्याकडे गेलो. आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर त्यांची शेड आहे. वय साठीच्या पुढचे. पूर्वी ते ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर, मग मिस्त्री. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “सरजी, हीटर लावून पाह्यला का?”

एप्रिलचा महिना. दुपारचे तीन. वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो, हे भूगोलाच्या पुस्तकात न वाचताही आमच्या पायांच्या तळव्यांना माहीत असते. अशा वेळी गाडीचा हीटर लावायला सांगणारा माणूस उन्हाने तरी गेला असावा, नाहीतर थट्टा तरी करत असावा. आमच्या सौ. शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, गाडीत पापड वाळत घालायचे आहेत का?”

मिस्त्रीकाका हसले आणि स्वतः गाडीत बसले. हीटरचे बटण लाल टोकाला नेऊन पंखा सुरू केला. इंजिन तापलेले होते. झडपेतून मात्र बाहेरच्यासारखीच हवा येत होती. “पाहा,” ते म्हणाले, “आत गरम पाणी फिरत असतं तं तोंड भाजलं असतं. पाणी तिथवर पोचूनच नाही राह्यलं. मधी हवा बसली हाय.”

या हीटरचे कोडे समजायला इंजिन कसे थंड राहते हे थोडे पाहिले पाहिजे. घाबरू नका, मी विज्ञानाचा प्राध्यापक नाही. मला समजेल तेवढेच सांगणार आहे.

इंजिनाच्या नळकांड्यात इंधन पेटते तेव्हा तिथल्या वायूचे तापमान २००० अंशांच्या वर जाते. आजकालच्या इंजिनांचे डोके, ज्याला मिस्त्री ‘हेड’ म्हणतात, ते अ‍ॅल्युमिनियमचे असते. आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. तरी ते वितळत नाही, कारण त्याच्या अंगात पोकळ वाटा ठेवलेल्या असतात आणि त्यांतून पाणी अखंड वाहत असते. इंधनातून निघालेल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश हिस्सा हे पाणी उचलते, पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, नेऊन वाऱ्याला देते आणि पुन्हा इंजिनात येते. या प्रवासात एक छोटी आडवाट आहे. ती डॅशबोर्डमागच्या लहानशा जाळीतून जाते. हिवाळ्यात तिच्यावरून पंख्याने हवा सोडली की गाडीत ऊब येते. हाच तो हीटर. म्हणजे हीटर हा इंजिनाच्या पाण्याचाच एक फाटा आहे. त्या फाट्यावर पाणी येत नसेल तर मुख्य कालव्यातही काहीतरी बिघडले आहे, असा अंदाज बांधता येतो. वर्ध्यात गाडीच्या हीटरचा उपयोग काय, हा प्रश्न मला बारा वर्षे पडला होता. तो वैद्याच्या नाडीसारखा आहे, हे त्या दिवशी कळले.

आता हवेने बिघडते काय? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तीन हजारांहून अधिक लिटर हवा एका अंशाने तापते. म्हणजे उष्णता वाहून नेण्याच्या कामी पाणी हा हमाल आहे आणि हवा ही रिकाम्या हाताने हिंडणारी पाहुणी. हेडमधल्या एखाद्या वळणावर हवेचा बुडबुडा बसला की तेवढ्या जागी धातूला पाण्याचा स्पर्शच होत नाही. ती जागा तापत जाते. अ‍ॅल्युमिनियम वाकते, मधली गॅसकेट उडते, आणि मग शे-दोनशेच्या पाइपाचे प्रकरण हजारोंवर जाते.

त्यातही खोड अशी की काटा खोटे बोलू लागतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. नेमका तोच हवेच्या पोकळीत आला, तर इंजिन पोळत असतानाही काटा निवांत राहू शकतो. आमच्या गाडीचा काटा वर-खाली नाचत होता तो यामुळेच. कधी सेन्सरवर पाणी येत होते, कधी हवा.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. विहिरीवरचा पंप म्हणजे एक फिरती चक्री. तिला पाणी फेकता येते, हवा फेकता येत नाही. नळीत हवा शिरली की मोटर घूं घूं करत राहते आणि पाटात थेंब पडत नाही. मग शेतकरी वरून बादलीभर पाणी ओतून पंप भरून घेतो. गाडीतला पाण्याचा पंपही त्याच कुळातला. शेताच्या लांब पाइपलाइनीला उंचवट्यांवर हवा सोडणाऱ्या तोट्या बसवतात, कारण पाण्याच्या वाटेत हवा नेहमी उंच जागा गाठून बसते. गाडीतही तेच. थर्मोस्टॅटची डबी, हेडचा माथा, हीटरची जाळी, या तिच्या आवडत्या जागा.

“पूर्वी एवढी भानगड नव्हती,” मिस्त्रीकाका सांगत होते. ते खरे आहे. जुन्या अँबेसेडरचे नाक उंच होते, रेडिएटर उभा होता आणि पाणी ओतायचे तोंड जवळजवळ साऱ्यांच्या वर होते. पाणी ओतले की हवा त्याच तोंडातून बुडबुडत निघून जायची. पुढे गाड्यांची नाके खाली आली, रेडिएटर बसके झाले आणि ओतण्याचे तोंड पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या माथ्याच्या खाली गेले. आता टाकी रेघेपर्यंत भरली तरी वरच्या मजल्यावर हवा तशीच राहू शकते. २०१४ साली अँबेसेडरचे उत्पादन थांबले आणि तिच्याबरोबर ही सोयही आपल्या रस्त्यांवरून ओसरत चालली.

तसे पाहिले तर मोटारीचे आणि पाण्याचे भांडण मोटारीइतकेच जुने. १८८८ च्या ऑगस्टात जर्मनीतल्या बर्था बेंझबाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकी गाडी घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. नवऱ्याला आधी सांगितलेही नव्हते. शंभर किलोमीटरच्या वरचा तो प्रवास. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे, त्यामुळे वाटेत जागोजागी पाणी मागून ओतावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेला रेडिएटर केला. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीला तो होता, आणि त्यात तेच पाणी पुनःपुन्हा फिरत असे. माझ्या लहानपणी घाटात थांबलेले ट्रक, बॉनेट उघडून बसलेला ड्रायव्हर आणि हातात डबा घेऊन झऱ्याकडे निघालेला क्लीनर हे दृश्य नेहमीचे होते. आमचे मिस्त्रीकाका त्या क्लीनरांपैकीच एक. पाण्याचा स्वभाव त्यांनी डबा हातात धरून शिकलेला आहे.

आता हवा काढण्याची रीत सांगतो. ती त्यांची आहे. मी फक्त पाहिली आणि टिपून घेतली. हे काम स्वतः करण्याचा माझा कोणालाही आग्रह नाही. पण आपला मिस्त्री ते करतो की नाही, एवढे प्रत्येक गाडीवाल्या घराला कळले पाहिजे.

पहिली गोष्ट त्यांनी कोणती केली असेल, तर काहीच केले नाही. “रात्री नऊला या,” म्हणाले. गाडी थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. याचे कारण आमच्या सौं.ना मी सांगण्याआधीच कळले. “कुकर!” त्या म्हणाल्या. अगदी बरोबर. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरात दाब वाढला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गाडीच्या झाकणालाही असाच दाब राखायचे काम दिलेले असते. त्यामुळे आतले कूलंट १०० अंशांच्या वर तापूनही पाणीच राहते. झाकण उघडले की दाब जातो, क्षणात वाफ होते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर, हातावर उसळते. दाब असताना कुकर उघडू नये हे घरातल्या पोरांनाही माहीत असते; गाडीच्या बाबतीत मोठी माणसेही विसरतात.

रात्री नऊला शेडमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईची पाळी होती. मिस्त्रीकाकांनी गाडीची पुढची चाके जाड फळ्यांच्या उतरणीवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगडांच्या उटी लावल्या. नाक वर केल्याने ओतण्याचे तोंड उंच येते आणि हवेला वर यायला वाट मिळते. मग हीटरचे बटण पूर्ण लाल टोकाला, पंखा अगदी हळू. पुष्कळ गाड्यांत हीटरच्या फाट्यावर झडप असते. बटण गरमवर नसेल तर ती बंद राहते आणि त्या फाट्यातली हवा आतच कोंडते. काही गाड्यांत झडप नसते, पण बटण लावून ठेवल्याने नुकसान काही नाही.

नंतर त्यांनी पाइपावरचा एक छोटा स्क्रू सैल केला. याला ते ‘एअर स्क्रू’ म्हणतात. सगळ्या गाड्यांना तो नसतो, काहींना दोन असतात. मग नरसाळे लावून कूलंट ओतायला सुरुवात केली. बारीक धारेने, आजीबाई तुपाची धार धरतात तशी. चंबूत पाणी भदाभदा ओतले तर आतली हवा अडून ते बाहेर उडते. हळू ओतले तर एका बाजूने पाणी जाते, दुसऱ्या बाजूने हवा निघते. स्क्रूतून आधी फुसफुस झाली, मग बुडबुडे मिसळलेले थेंब आले, आणि मग सलग धार लागली. तेव्हा त्यांनी स्क्रू बसवला. फार आवळला नाही. “पितळेचा हाय, रागानं आवळला का तुटते.”

आता झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू केले. शेड तिन्ही बाजूंनी मोकळी होती, म्हणून ठीक. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून उभे राहणे म्हणजे विषारी धुरात उभे राहणे. इंजिन मंद चालत राहिले. टाकीतली पातळी हळूहळू उतरे, ते थोडे ओतत. हाताला फडके गुंडाळून पाइप दाबत आणि सोडत, गाईची कास दाबावी तसे. प्रत्येक दाबाला एक-दोन बुडबुडे वर येत. पंख्याच्या बाजूला मात्र त्यांनी हात जाऊ दिला नाही, आणि सौं.ना पदर खोचून दूर उभे राहायला सांगितले. हा पंखा विजेवर चालतो आणि केव्हाही आपला आपण सुरू होतो.

पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. मी दोनदा विचारले, “झाले का?” त्यांनी नुसता हात वर केला. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचे एक दार असते. इंजिन थंड असताना ते रेडिएटरकडची वाट बंद ठेवते आणि ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. ते उघडेपर्यंत रेडिएटर आणि इंजिन यांची पुरती गाठच पडत नाही. म्हणून हवा काढण्याचे खरे काम दार उघडल्यावरच होते. जो त्याआधी झाकण लावतो, त्याने हवा आत ठेवूनच दार लावलेले असते.

एवढ्यात त्यांनी वरच्या पाइपाला हात लावून पाहिला. इतका वेळ कोमट असलेला पाइप एकाएकी चांगलाच तापला होता. दार उघडले होते. टाकीत भळभळ बुडबुडे आले आणि पातळी बोटभर खाली गेली. त्यांनी पुन्हा ओतले. पुन्हा बुडबुडे, पुन्हा ओतणे. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला, दुसऱ्यांदा झाला. बुडबुडे विरळ होत गेले आणि थांबले. मग ते मला म्हणाले, “आता बसा गाडीत.” मी बसलो. झडपेतून अशी झळ आली की मे महिन्यातली वर्ध्याची दुपार रात्री साडेदहाला भेटली. इतक्या आनंदाने मी उन्हाळ्यात कधी घामाघूम झालो नव्हतो.

त्यांनी झाकण लावले, गाडी सपाट जागी घेतली आणि सांगितले, “सकाळी निघायच्या आधी थंड गाडीत पातळी पाहा. उतरली असंल तं रेघेपर्यंत भरा. दोन-तीन दिवस रोज पाहा.” एखादा चुकार बुडबुडा रस्त्यावरच्या धक्क्यांनी सुटून वर येतो आणि त्याची जागा पाणी घेते, म्हणून ही खबरदारी. पहाटे सहाला पाहिले, पातळी अर्धे बोट उतरली होती. भरली. सातला आई यंत्रावर होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती महत्त्वाची आहे. हवा एकदा नीट काढली की बुडबुडे थांबले पाहिजेत. तासन्‌तास येतच राहिले, दर दोन दिवसांनी पातळी घटू लागली, तर ती जुनी हवा नव्हे. मग गॅसकेट फुटून इंजिनाचा जळका वायू पाण्यात येत असावा, किंवा कुठेतरी गळती असावी. तिथे हवा काढत बसणे म्हणजे तापाचे कारण न शोधता कपाळावर पट्ट्या ठेवणे. तसेच काही नव्या गाड्यांत पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि त्यांची हवा काढण्याची रीत निराळी असते. काही ठिकाणी यंत्राने आतली हवा आधी शोषून घेऊन मग कूलंट भरतात. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका पाहावी. ती आपण सारे जपून ठेवतो आणि कधी उघडत नाही. प्राध्यापकांच्या घरी पुस्तकांचे असेच होते, असे सौ. म्हणतात.

कूलंटविषयीही थोडे. ते म्हणजे नुसते रंगीत पाणी नव्हे. त्यात एथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य आणि गंज रोखणारी रसायने असतात. आमच्याकडे हिमवर्षाव होत नाही तर ते हवे कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण त्याने पाणी गोठण्याचा बिंदू खाली जातो, तसा उकळण्याचा बिंदू वरही जातो. आणि आतला धातू गंजत नाही. त्यात मिसळायचे पाणी शुद्ध केलेले असावे. आमच्या विहिरीच्या ज्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या केसासारख्या नळ्यांनाही थर धरवते. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग कंपन्यांचे. रंग जुळला म्हणजे जात जुळली असे नाही. पुस्तिकेत सांगितले असेल तेच घालावे.

आणि हे द्रव्य विषारी आहे. चवीला गोडसर असते, हीच त्याची भयंकर बाजू. पोटात गेले की शरीरात त्याचे रूपांतर होऊन मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक साठतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ज्या घरात मूत्रपिंड या शब्दाचा अर्थ आठवड्यातून तीनदा कळतो, त्या घरातल्या माणसाने हे वाक्य हलक्या हाताने लिहिलेले नाही. उरलेले कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधी ठेवू नये. जमिनीवर सांडलेले लगेच धुऊन पुसावे. कुत्री-मांजरे ते चाटतात. जुने काढलेले गटारात सोडू नये. मिस्त्रीकाकांच्या शेडमध्ये त्यासाठी झाकणाचा वेगळा पिंप आहे आणि त्यावर खडूने कवटी काढलेली आहे. चित्रकला सामान्य, पण अर्थ स्वच्छ.

वाटेत काटा लाल रेघेला गेलाच तर काय करावे, तेही विचारून घेतले. एसी बंद करावा, हीटर पूर्ण लावावा, म्हणजे थोडी उष्णता त्या फाट्याने निघते. जवळात जवळच्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण उघडू नये, तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मारू नये. तासभर थांबावे, आणि पातळी फार खाली गेली असेल तर गाडी ओढून न्यावी. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना ही शहाणपणाची वाक्ये आठवणे कठीण असते, म्हणून घरीच एकदा मोठ्याने वाचून ठेवावीत.

पैसे विचारले तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले, “कूलंटचे द्या, अन् दोनशे रुपये थांबायचे.” मी म्हटले, “थांबायचे म्हणजे?” ते म्हणाले, “काम तं गाडीनंच केलं सरजी. मी थांबलो. गाडीले घाई नसते, घाई आपल्यालेच असते.” मी विचार केला, त्या शहरातल्या गॅरेजच्या मुलाला पाइप बसवता येत नव्हता असे नाही. हवा काढायला लागणारा पाऊण तास त्याच्या मालकाच्या बिलात कुठे लिहिलेलाच नव्हता. गिऱ्हाईकालाही तो द्यायचा नसतो. “किती वेळ लागेल?” हाच आपला पहिला प्रश्न असतो आणि कमी वेळ सांगणारा आपल्याला हुशार वाटतो. पुढच्या खेपेला आपण गाडी घ्यायला जाल, तेव्हा “झाली का?” असे विचारण्याऐवजी “हवा काढली का? थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबलात का?” असे विचारून पाहा. ज्याने काढली असेल तो खूश होईल. ज्याने काढली नसेल तो बॉनेट पुन्हा उघडेल.

माझ्या आईला मी मिस्त्रीकाकांची ही सारी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “टिचक्या मारल्या का?” मी म्हटले, “नाही, पाइप दाबले.” “तेच ते,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

दिवाळीची सुट्टी आली की नागपूरहून, पुण्या-मुंबईहून गाड्या गावांकडे निघतात. मुले मागे, फराळाचे डबे डिकीत, आणि पुढे बुटीबोरी, केळझर, सेलू करत लांबलेला रस्ता. निघण्याच्या दिवशी पहाटे, अभ्यंगस्नानानंतर आणि इंजिन सुरू करण्याआधी, बॉनेट उघडून कूलंटची पातळी तेवढी पाहून घ्या. नुकताच पाइप किंवा रेडिएटर बदलला असेल तर दहा मिनिटे हीटरही लावून बघा. कार्तिकातल्या पहाटे त्याचा त्रास होणार नाही. सुखरूप जा, सुखरूप परत या. दिवाळी आपणां सर्वांना आनंदाची जावो.